बॅटरीच्या रकान्यातला आकडा

अमेरिकेतल्या ज्या राज्यात मी काम करते, तिथे वीज कंपनीला पुढच्या 20 वर्षांचा आराखडा दर काही वर्षांनी नियामक आयोगापुढे मांडावाच लागतो. मागणी किती वाढेल, जुनी केंद्रं कधी बंद होतील, त्यांच्या जागी काय येईल आणि हे सगळं ग्राहकाला कमी खर्चात, कमी जोखमीत कसं मिळेल, याचा तो आराखडा. सगळ्या राज्यांत हा नियम नाही आणि जिथे आहे तिथेही एकसारखा नाही. जॉर्जियात 1991 च्या कायद्याने दर तीन वर्षांनी आराखडा द्यावा लागतो. ऑरेगनमध्ये मुदत त्याहून कमी आहे. मिशिगनने 2016 मध्ये कायदा करून ही पद्धत आणली. आमच्याकडे आराखडा दाखल झाला की बाहेरच्यांना तो तपासायचा हक्क आहे. घरगुती ग्राहकांची बाजू मांडणाऱ्या कार्यालयात मी विश्लेषक आहे, त्यामुळे कंपनीचं मॉडेल, म्हणजे पुढच्या वर्षांसाठी कमी खर्चाचे पर्याय निवडणारा संगणकावरचा हिशेब, उघडून त्यातली गृहीतकं तपासणं हेच माझं काम.

ज्या आराखड्याबद्दल लिहिते आहे, त्यात कंपनीचा निष्कर्ष अगदी स्पष्ट होता. कोळशाचं जुनं केंद्र बंद करायचं, त्याची बरीचशी वीज पवन आणि सौर प्रकल्पांतून घ्यायची आणि कडाक्याच्या थंडीतल्या कमाल मागणीसाठी नवं गॅस टर्बाइन उभारायचं. कंपनीने बऱ्याच वेगवेगळ्या परिस्थिती धरून मॉडेल चालवलं होतं आणि प्रत्येक वेळी टर्बाइन निवडलं गेलं होतं. अहवालात हे ठळकपणे सांगितलं होतं. कुठल्याही परिस्थितीत टिकतो तो पर्याय भक्कम, असा त्यांचा युक्तिवाद.

मला नेमकं तेच खटकत होतं. गॅसचा भाव चढा धरूनही उत्तर जागचं हलत नसेल, तर ते उत्तर भावातून येत नाही. कुठल्या तरी बंधनातून येतं. ते बंधन शोधायचं होतं.

गोपनीयतेच्या करारावर सही केल्यावर कंपनीच्या मूळ फाइल्स बघता येतात. डेटा रिक्वेस्ट, म्हणजे माहितीची लेखी मागणी, पाठवायची, ठरलेल्या मुदतीत उत्तर येतं. आमच्या शेवटच्या रिक्वेस्टचं उत्तर आयोगापुढच्या तांत्रिक बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी आलं. ढीगभर पानांचं एक वर्कबुक. त्यातल्या एका पानावर ओळींमध्ये वीजनिर्मितीचे पर्याय, रकान्यांमध्ये वर्षं आणि वर शीर्षक, ‘कमाल वार्षिक उभारणी’. पवनच्या ओळीत सगळीकडे 9999. सौरच्या ओळीत 9999. टर्बाइनच्या ओळीत 9999. मॉडेल चालवणाऱ्यांच्या भाषेत याचा अर्थ ‘मर्यादा नाही’. बॅटरीच्या ओळीत मात्र 2030 पर्यंत प्रत्येक वर्षी 100 मेगावॉट आणि त्यापुढे 9999. शेजारी शेऱ्यासाठी एक रकाना होता. तो कोरा होता.

एवढ्याने काय होतं ते सांगते. कोळशाचं केंद्र ज्या वर्षी बंद होतं, त्या वर्षी एकदम मोठी तूट पडते. ती भरून काढायला मॉडेलला बॅटरी वर्षाला 100 मेगावॉटच घेता येते. पवन आणि सौर कितीही घेतले तरी हिवाळ्यातल्या अंधाऱ्या, वारा पडलेल्या पहाटे त्यांचा भरवसा धरता येत नाही, म्हणून तेवढ्या वेळेपुरता त्यांच्या क्षमतेचा अगदी थोडा भागच मोजला जातो. मग राहतं काय? टर्बाइन. गॅसचा भाव कितीही लावा, मॉडेलपुढे दुसरी वाटच ठेवलेली नव्हती.

मी तो एकच आकडा सैल केला आणि रन लावला, म्हणजे मॉडेल पुन्हा चालवलं. उत्तर यायला रात्र झाली. बहुतेक परिस्थितींमध्ये 2030 च्या आधी टर्बाइन निवडलं गेलं नाही. त्याच्या जागी बॅटरी आल्या आणि ऐन मागणीच्या तासांत वापर कमी करणाऱ्या ग्राहकांना मोबदला देणारी योजनाही आली. 20 वर्षांचा एकूण खर्चही कमी दिसत होता.

आमच्या वकीलबाई तेव्हा कार्यालयातच होत्या. त्यांनी तक्ता पाहिला आणि विचारलं, “उद्या कंपनी पहिलं काय म्हणेल?”

“थंडीबद्दल बोलतील.”

“मग तेही आजच बघून घे.”

वीजपुरवठा पुरेसा आहे की नाही हे तपासायचा अमेरिकेतला जुना दंडक असा, की क्षमता कमी पडून लोकांची वीज तोडायची वेळ सरासरी दहा वर्षांत एका दिवसापेक्षा जास्त येता कामा नये. माझा बॅटरीवाला पर्याय या सरासरीच्या चाचणीत उत्तीर्ण झाला. मग मी सलग काही दिवसांची कडक थंडी घेऊन तासातासाचा हिशेब चालवला. त्यात काही तास तूट आली. मोठी नाही, पण तूट होती. वकीलबाईंना दोन्ही तक्ते दाखवले. “दोन्ही घेऊन चल,” त्या म्हणाल्या. खटल्यात आपल्या बाजूला अडचणीचा ठरणारा कागद स्वतःहून पुढे ठेवायला सांगणारे वकील मी फारसे पाहिलेले नाहीत. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या रात्री फार वाढला.

सकाळी आयोगाच्या दालनात तीन आयुक्त, त्यांचा तांत्रिक कर्मचारीवर्ग, कंपनीचे लोक, मोठ्या कारखान्यांचे प्रतिनिधी, पवन आणि सौर प्रकल्पवाले, असे सगळे हजर होते. माझी पाळी आल्यावर मी ते पान पडद्यावर लावलं. पर्यायांची नावं उघड करता येतात, किमती नाहीत, म्हणून किमतींचे रकाने झाकले. मग विचारलं, “हे 100 कुठून आलं?”

कंपनीचे नियोजनप्रमुख वयाने ज्येष्ठ, या कामात मुरलेले. त्यांनी प्रश्न टाळला नाही. 2021 मध्ये बॅटरीचा पुरवठा खोळंबला होता, वर्षाला याहून जास्त बसवणं जमणार नाही असं तेव्हा खरेदी विभागाने कळवलं होतं आणि पुढे तोच आकडा मॉडेलमध्ये राहिला, असं त्यांनी सांगितलं. 2022 च्या केंद्रीय कायद्याने स्वतंत्र बॅटरी प्रकल्पांनाही करसवलत दिली, त्यानंतर हा आकडा पुन्हा तपासला का, असं मी विचारलं. किमती बदलल्या, मर्यादा बदलली नाही, असं उत्तर आलं.

मग ते फळ्याकडे गेले. थंडीच्या लाटेतला एक दिवस त्यांनी तासागणिक काढून दाखवला. पहाटे पाचला घराघरांत हीट पंप आणि विजेचे हीटर जोरात चालू आहेत. वारा पडलेला आहे. सूर्य उगवायला अजून वेळ आहे. चार तासांची बॅटरी आदल्या संध्याकाळीच रिकामी झालेली आहे. “ती पुन्हा भरायला रात्री जादा वीज लागते. ती कुठून आणायची? शेजारच्या राज्यांतही त्याच वेळी तीच थंडी असते.”

त्यांचा मुद्दा खरा होता. पहिली बॅटरी फार उपयोगी पडते. जितक्या जास्त बॅटऱ्या जोडाल तितका पुढच्या प्रत्येकीचा थंडीतला उपयोग घटत जातो, कारण मागणीचा अरुंद कळस कापून झाला की उरलेला भाग तासन्‌तास सपाट चालतो. मी माझा दुसरा तक्ता लावला आणि तुटीचे तास दाखवले. कारखान्यांच्या प्रतिनिधीने चमकून माझ्याकडे पाहिलं.

पण त्याच तक्त्यावरून मला पुढचं विचारायचं होतं. थंडीच्या त्या दिवसांत कंपनीने टर्बाइन जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालेल असं धरलं होतं. डिसेंबर 2022 च्या ‘एलियट’ वादळात पूर्वेकडे जी क्षमता अचानक बंद पडली, तिच्यात निम्म्याहून जास्त वाटा गॅसवर चालणाऱ्या केंद्रांचा होता. कुठे यंत्रं गोठली, कुठे गॅसच पोचला नाही. टेनेसी व्हॅली अथॉरिटी या केंद्र सरकारच्या वीज कंपनीला तेव्हा आपल्या इतिहासात पहिल्यांदाच भारनियमन करावं लागलं. त्याआधी फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासमध्ये थंडीच्या लाटेत वीज गेली तेव्हा जे झालं ते याहून भयंकर होतं. सरकारी मोजणीप्रमाणेच तिथे 246 माणसं दगावली. बॅटरीला थंडीचा हिशेब लावायचा, तर टर्बाइनलाही तो लागलाच पाहिजे. नियोजनप्रमुखांनी हे मान्य केलं.

अध्यक्षस्थानी बसलेल्या आयुक्त म्हणाल्या, “म्हणजे बॅटरीचा आकडा जुना आहे आणि गॅसचा आशावादी. आणि या दोन आकड्यांवर आम्ही लोकांच्या बिलात तीस-चाळीस वर्षं राहणारा खर्च घालायचा?”

या प्रश्नासाठीच तर ही सगळी व्यवस्था उभी राहिली. 1970 च्या दशकात विजेची मागणी दर दहा वर्षांनी दुप्पट होत राहील असं धरूनच वीज कंपन्या चालत होत्या. त्याच भरवशावर वॉशिंग्टन राज्यात पाच अणुवीज केंद्रांचं काम हाती घेतलं गेलं. मागणी तशी वाढली नाही, खर्च मात्र वाढत गेला. पाचांपैकी एकच केंद्र पुरं झालं आणि 1983 मध्ये 2.25 अब्ज डॉलरचे रोखे बुडाले. 1980 च्या केंद्रीय कायद्याने त्या प्रदेशासाठी वीज बचतीला नव्या केंद्राच्या आधीचं स्थान दिलं आणि पुढे 1992 च्या कायद्याने सगळ्याच राज्यांना अशा नियोजनाचा विचार करायला सांगितलं. खाजगी कंपनीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तिला स्वतः उभारलेल्या भांडवलावर परतावा मिळतो, ग्राहकाने वाचवलेल्या विजेवर तसा मिळत नाही. त्यात कुणाचा वाईट हेतू असतो असं नाही. पण एखादा आकडा तपासायचा राहून जातो तेव्हा तो सहसा कोणत्या बाजूला झुकलेला सापडतो, ते इतकी वर्षं फाइल्स उघडून मला ठाऊक झालं आहे.

दुपारी लोकांची मतं ऐकण्याचा वेळ होता. डोंगराकडच्या एका गावातून आलेले गृहस्थ बोलायला उठले. टर्बाइन आणि बॅटरीचा वाद त्यांनी सकाळपासून ऐकला होता. ते म्हणाले, “आमची वीज केंद्र कमी पडलं म्हणून जात नाही. फिडरवर झाड पडतं म्हणून जाते. माझ्या पत्नीचं ऑक्सिजनचं यंत्र विजेवर चालतं. तुमच्या आराखड्यात आमचा फिडर कुठल्या पानावर आहे?”

उपकेंद्रातून गावापर्यंत वीज आणणारी वाहिनी म्हणजे फिडर. तो कुठल्याच पानावर नव्हता. निर्मितीचा आराखडा एक विभाग करतो, वितरणाचं जाळं दुसरा बघतो आणि दोघांच्या मागणीच्या अंदाजांचाही मेळ नसतो. मिनेसोटासारख्या राज्यांनी वितरण जाळ्याचाही आराखडा मागायला सुरुवात केली आहे. तिथे सगळ्यात मोठ्या वीज कंपनीला कुठल्या फिडरवर किती सौर प्रकल्प पेलतील याचे नकाशे द्यावे लागतात. त्या गावाच्या टोकाला बसवलेली बॅटरी कमाल मागणीतही मदत करते आणि फिडर तुटला तर गावाला काही तास तगवूही शकते. आमच्या मॉडेलमध्ये मात्र बॅटरी म्हणजे मोठ्या उपकेंद्राशेजारी उभी असलेली एक आकृती, एवढंच. हे मी त्याच दिवशी आमच्या लेखी म्हणण्यात घातलं आणि त्यानंतरच्या प्रत्येक प्रकरणात घालते आहे. त्या गृहस्थांना त्या दिवशी सरळ उत्तर मिळालं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

आयोगाने कंपनीला नव्याने रन करायला सांगितलं. बॅटरीची मर्यादा प्रत्यक्ष निविदांवरून ठरवायची, टर्बाइनला थंडीतल्या बिघाडाचा हिशेब लावायचा, जास्त तास चालणारी साठवण आणि मागणी कमी करण्याच्या योजनाही पर्यायांत धरायच्या आणि हे आयोगाच्या कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली करायचं. काही महिन्यांनी निकाल आला. टर्बाइन उत्तरातून गेलं नाही. ते पुढच्या वर्षांत सरकलं आणि आकाराने लहान झालं. टर्बाइनला मान्यता देणं आयोगाने पुढच्या आराखड्यापर्यंत थांबवलं आणि आधी सगळ्यांना खुल्या असलेल्या निविदा काढायला लावल्या. बिलाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती. उभारलेलं केंद्र परत काढता येत नाही आणि त्याचे पैसे ग्राहक फेडत राहतो.

आदेशात आणखी एक अट आली. यापुढे मॉडेलमधली प्रत्येक मर्यादा, तिचं कारण आणि ती शेवटची कधी तपासली, हे आराखड्यासोबत जाहीर करायचं. कंपनीचा पुढचा आराखडा आता आमच्या टेबलावर आहे. त्यात ही यादी आहे आणि शेऱ्याचा रकाना भरलेला आहे. त्यातली काही कारणं पटण्यासारखी आहेत. जी पटली नाहीत त्यांच्यावर डेटा रिक्वेस्ट गेल्या आहेत आणि उत्तरांची मुदत पुढच्या आठवड्यात संपते.