साथींच्या मॉडेलिंगचा विद्यापीठीय कार्यक्रम चालवताना: पुण्यातला माझा अनुभव

साथीच्या आजारांचं मॉडेलिंग म्हटलं की पहिली चर्चा समीकरणांची होते. एसआयआर (लोकांना बाधा होऊ शकणारे, बाधित आणि बरे झालेले अशा गटांत विभागणारं मॉडेल) घ्यायचं की एसईआयआर (त्यात बाधा होऊनही अजून आजार पसरवत नसलेल्यांचा गट वाढवलेला), एकेका माणसाची संगणकावर नक्कल करणारं एजंट-आधारित सिम्युलेशन करायचं की जुन्या आकड्यांवर रेषा बसवणारी साधी रिग्रेशन पुरेल. माझ्या मते हा प्रश्न शेवटी यायला हवा. पुण्यात मी चालवते त्या कार्यक्रमात सगळ्यात जास्त वेळ आणि माणसं लागतात ती रुग्णयादी मिळवायला, साफ करायला आणि तिच्यातला उशीर मोजायला. संख्याशास्त्र, गणित किंवा पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागात बसून असं काही उभं करायचा विचार असेल, तर पुढचं उपयोगी पडेल.

कागदपत्रं साथ नसताना उरकायची. पुण्यात डेंग्यू पावसाळ्यात वाढतो आणि थंडी पडली की उतरतो, म्हणून करार, एथिक्स कमिटी आणि नेमणुका यांचा हंगाम जानेवारी ते मे. महापालिकेच्या आरोग्य विभागाशी करार करताना विद्यापीठाकडून कुलसचिवांची सही लागते, आणि मसुदा विधी विभागातून फिरून येतो. करारात नुसतं 'माहितीची देवाणघेवाण' असं लिहिलं तर पुढे प्रत्येक फाइलसाठी नव्याने पत्र द्यावं लागतं. म्हणून परिशिष्टात रकान्यांची यादीच जोडावी: वय, लिंग, लक्षणं सुरू झाल्याची तारीख, नमुना घेतल्याची तारीख, निकालाची तारीख, चाचणीचा प्रकार, दाखल झाल्याची तारीख, प्रभाग. फाइल किती दिवसांनी येणार, कोण उघडणार आणि अंदाज जाहीर करण्याआधी कोणाला दाखवायचा, हेही त्यातच लिहून घ्यावं. विद्यापीठाची एथिक्स कमिटी 'नैतिक' पोर्टलवर (अशा समित्यांची नोंदणी होते ती सरकारी वेबसाइट) नोंदलेली आहे ना, हे आधी पाहावं. ओळख पुसलेल्या माहितीवरच्या कामाला पूर्ण तपासणीतून सूट मिळू शकते, पण ती द्यायची की नाही हे समिती ठरवते, संशोधक नाही. परदेशी विद्यापीठ सोबत असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही लागू शकते. त्यासाठी वेगळे महिने धरावे लागतात.

नावं आणि मोबाइल नंबर आम्ही बाहेर नेत नाही. पण एकच रुग्ण खासगी लॅबच्या यादीत एकदा आणि सरकारी रुग्णालयाच्या यादीत पुन्हा येतो, तो ओळखायचा तर नाव लागतंच. उपाय असा की नाव, वय आणि मोबाइल यांच्यापासून सांकेतिक क्रमांक महापालिकेच्याच संगणकावर तयार होतो आणि आमच्याकडे फक्त तो क्रमांक येतो. तो बनवणारी गुप्त किल्ली वर्षभर एकच ठेवावी लागते. दर फाइलला नवी किल्ली वापरली तर गेल्या आठवड्यातला रुग्ण या आठवड्यात नवा दिसतो. मोबाइल नंबर एकटा कधीच पुरत नाही, कारण घरातल्या चौघांच्या केसपेपरवर एकच नंबर असतो.

आता तारखा. एकात्मिक रोग सर्वेक्षणात तीन पातळ्यांवर नोंदी होतात: एस म्हणजे आरोग्य कर्मचाऱ्याला लक्षणांवरून आलेला संशय, पी म्हणजे डॉक्टरांचं संभाव्य निदान, एल म्हणजे लॅबची खात्री. आठवडा सोमवार ते रविवार. डेंग्यूत खासगी लॅबची एनएस1 रॅपिड (विषाणूचं प्रथिन शोधणारी झटपट चाचणी) पॉझिटिव्ह 'संशयित'मध्ये जाते, एलायझा (लॅबमध्ये प्लेटवर होणारी खात्रीची चाचणी) पॉझिटिव्ह आली तरच रुग्ण 'निदान झालेला' ठरतो. हे दोन आकडे एकाच आलेखावर जोडून दाखवणं ही सर्रास होणारी गफलत आहे. एलायझाची प्लेट 96 खाचांची असते. चार नमुन्यांसाठी किट फोडणं परवडत नाही म्हणून लॅब नमुने साठवते आणि आठवड्यातून ठरावीक दिवशीच चाचणी लावते. निकालाच्या तारखेवर आलेख काढला की त्या दिवसांचे सुळके उठतात, आणि त्यात साथीची लाट दिसू लागते. गणेशोत्सवात ओपीडी ओस पडते. विसर्जनानंतरच्या सोमवारी आकडा उसळी घेतो, तीही साथ नसते. म्हणून सगळं लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेवर आणायचं. तो रकाना बऱ्याच नोंदींत रिकामा असतो किंवा त्यात दाखल झाल्याचीच तारीख उतरवलेली असते. 'ताप कधीपासून?' एवढं विचारून लिहिणारा एक माणूस रुग्णालयात बसवला, तर दोन पीएचडीच्या विद्यार्थ्यांच्या समीकरणांपेक्षा अंदाज जास्त सुधारतो, असं माझं ठाम मत आहे.

पत्ता ही पुण्याची खास अडचण. केसपेपरवर नुसतं 'वडगाव' लिहिलं असेल तर ते वडगाव शेरी की वडगाव बुद्रुक? एक नगर रोडला, दुसरं सिंहगड रोडला, शहराच्या दोन टोकांना. 'नांदेड' म्हणजे खडकवासल्याच्या वाटेवरचं नांदेड गाव, शेजारची नांदेड सिटी, की मराठवाड्यातून उपचाराला आलेला रुग्ण? 'सिंहगड रोड' हा तर पत्ताच नव्हे, तो कितीतरी प्रभागांतून जातो. परगावचा विद्यार्थी आधार कार्डावरचा गावचा पत्ता देतो आणि राहतो सदाशिव पेठेतल्या कॉटबेसिसवर. ऑनलाइन नकाशांच्या भरवशावर पत्ते शोधले तर संदिग्ध पत्ता मुकाट्याने भलत्याच ठिकाणी बसतो आणि चूक नंतर दिसतही नाही. आम्ही स्थानिक नावांचा कोश ठेवतो: वाडी, वस्ती, सोसायटी, चौक, फाटा, त्यांची मराठी-इंग्रजी स्पेलिंगं आणि प्रत्येकाचा प्रभाग. धायरी, धायरी फाटा आणि धायरी गाव या तीन वेगळ्या नोंदी. कोशात न बसणारा पत्ता 'अनिश्चित' म्हणून बाजूला ठेवायचा, अंदाजाने कुठेही टाकायचा नाही. अनिश्चित नोंदींचं प्रमाण दर आठवड्याला अहवालात द्यायचं. कोश वाढवायला क्षेत्रीय कार्यालयातल्या मलेरिया निरीक्षकांइतकी मदत कोणाची होत नाही, गल्ली न् गल्ली त्यांच्या पायाखालची असते.

रुग्णदर काढायचा तर भागाकारासाठी लोकसंख्या लागते, आणि तिथे पंचाईत होते. 2011 च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या 31 लाखांवर होती. त्यानंतर 2017 मध्ये 11 गावं आणि 2021 मध्ये आणखी 23 गावं हद्दीत आली, प्रभागरचनाही बदलल्या. जुना आकडा आणि नवी हद्द एकत्र वापरली की कडेच्या उपनगरांचा दर फुगतो. आम्ही घरांच्या मोजणीवरून आणि उपग्रहचित्रांतल्या बांधकामावरून लोकसंख्येचा पट्टा धरतो, एक आकडा धरत नाही. हडपसर, वाघोली, धायरीसारख्या भागांत हा पट्टा रुंद येतो, पेठांमध्ये अरुंद. शहराची सरासरी किती फसवी असते याचा पुरावा 2020 च्या सेरो सर्वेक्षणात आहे: पाच प्रभागांत मिळून 51.5 टक्के लोकांत कोविडची प्रतिपिंडं सापडली, पण कसबा-सोमवार पेठेत 36.1 टक्के आणि लोहियानगर-कासेवाडीत 65.4 टक्के.

यादीतला उशीर मोजायचा तर रोज आलेली फाइल जशीच्या तशी, तारखेसह गोठवून ठेवावी लागते. कालच्या फाइलवर आजची चढवली की उशिराचा पुरावाच पुसला जातो. समजा आधीच्या प्रतींवरून दिसतं की लक्षणं सुरू झाल्यापासून 3 दिवसांत 30 टक्के नोंदी येतात, 7 दिवसांत 70 टक्के आणि 14 दिवसांत 95 टक्के. आज तीन दिवसांपूर्वीच्या तारखेखाली 12 रुग्ण दिसतात. तर त्या दिवसाचे खरे रुग्ण 40 च्या आसपास, आणि पट्टा साधारण 25 ते 60. ही दुरुस्ती केली नाही तर प्रत्येक आलेख उजव्या टोकाला खाली झुकलेला दिसतो आणि बैठकीत कोणीतरी 'साथ ओसरली' असं म्हणतं. साथीचा जोर वाढला की लॅबवर ताण येतो आणि उशीरही वाढतो, त्यामुळे टक्केवारी दर आठवड्याला नव्याने काढायची. जूनची टक्केवारी सप्टेंबरला चालत नाही.

एवढं झाल्यावर मॉडेल. पहिला प्रश्न: हा आजार माणसाकडून माणसाला जातोय का? जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोड परिसरात गुलेन बॅरे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे वळली. अशा ठिकाणी एसआयआर लावणं चूकच. जीबीएस संसर्गजन्य नाही. संसर्ग होऊन गेल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांनी शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. इथे मॉडेलचं काम उलट दिशेचं असतं: रुग्णांच्या तारखांवरून मागे जाऊन दूषित पाणी कोणत्या दिवसांत प्यायलं गेलं ते शोधणं, आणि पुढे किती रुग्ण अजून यायचे आहेत ते सांगणं. आज पाण्यात क्लोरीन पुरेसं झालं, नळाला लिटरमागे 0.2 मिलीग्रॅम मिळू लागलं, तरी आधीच संसर्ग झालेल्यांतून पुढचे तीन-चार आठवडे रुग्ण येत राहतात. हे आधी सांगून ठेवलं नाही तर दहाव्या दिवशी 'क्लोरीनचा उपयोग झाला नाही' असा निष्कर्ष निघतो. रुग्णालयांना हवं असतं ते वेगळंच. आयव्हीआयजीचा (शिरेतून द्यायच्या प्रतिपिंडांचा) डोस वजनाच्या किलोमागे 2 ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. 60 किलोच्या रुग्णाला 120 ग्रॅम, म्हणजे 5 ग्रॅमच्या 24 कुप्या. साधारण चार-पाच रुग्णांत एकाला किंवा त्याहून थोड्या जास्त रुग्णांना व्हेंटिलेटर लागतो आणि तो आठवडेच्या आठवडे अडकून राहतो. रुग्णसंख्येच्या अंदाजाचं कुप्या आणि खाटांत रूपांतर करून दिलं, तरच तो वापरला जातो.

मॉडेल आकड्यांवर नीट बसलं म्हणजे ते बरोबर, असं नसतं. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी 1927 च्या लेखात मुंबईतल्या 1905-06 च्या प्लेगच्या साप्ताहिक मृत्यूंवर आपला वक्र बसवला, आणि तो छान बसला. पण तो प्लेग उंदरांच्या पिसवांतून पसरत होता, त्याला ऋतूही होता, आणि समीकरणात ना उंदीर होते ना ऋतू. मी विद्यार्थ्यांना हे उदाहरण पहिल्याच आठवड्यात देते.

आर, म्हणजे एका रुग्णापासून सरासरी किती जणांना लागण होते तो आकडा, काढतानाही गृहीतकं उघड लिहायची. रुग्ण 7 दिवसांत दुप्पट होत असतील आणि एका रुग्णापासून पुढच्या रुग्णापर्यंतचा काळ 3 दिवस असेल, तर त्या काळाची विभागणी कशी धरली, म्हणजे तो सगळ्यांत सारखाच मानला की कमी-जास्त, यावर आर 1.30 किंवा 1.35 येतो, म्हणजे फार फरक नाही. गोवरासारखा 12 दिवसांचा काळ घेतला तर तोच आर 2.2 ते 3.3 असा कुठेही येऊ शकतो. एकच आकडा सांगणाऱ्या अहवालावर म्हणूनच माझा विश्वास बसत नाही.

डेंग्यूत डासाचाही वेळ धरावा लागतो. विषाणू शिरल्यापासून माणसात लक्षणं दिसायला 4 ते 10 दिवस, डास तो पसरवू लागायला साधारण 8 ते 12 दिवस. पाऊस आणि रुग्णवाढ यांच्यात आठवड्यांचं अंतर पडतं ते यामुळे. पाऊस जास्त म्हणजे डेंग्यू जास्त, असं सरळ समीकरण नाही. बेताचा पाऊस कुंड्या, टायर, टाक्यांत पाणी साठवतो, मुसळधार पाऊस अळ्याच वाहून नेतो. हवामान खात्याची 0.25 अंशांच्या जाळीतली पर्जन्यमाहिती इथे भरड पडते. एक चौकोन साधारण 27 किलोमीटरचा, त्यात जवळपास अख्खं शहर मावतं, आणि पाषाणला सर येते तेव्हा लोहगाव कोरडं असतं. केंद्रनिहाय नोंदी वेगळ्या मागवाव्यात.

पैशांबद्दल थोडक्यात. जेआरएफला (कनिष्ठ संशोधन छात्राला) महिना 37,000 रुपये, दोन वर्षांनी एसआरएफला (वरिष्ठ छात्राला) 42,000, रिसर्च असोसिएटला 58,000 पासून, वर घरभाडे भत्ता. पुण्यातल्या आयटी कंपन्यांच्या पगारापुढे प्रोग्रामर टिकवणं अवघड आहे. म्हणून कोड पहिल्या दिवसापासून दुसऱ्याला चालवता येईल असा लिहून घ्यायचा आणि दर सोमवारचा अहवाल आळीपाळीने वेगवेगळ्या माणसाने काढायचा. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे 12-ए नमुना, वेळेत गेला नाही की पुढचा हप्ता अडकतो, आणि तो अडकतो नेमका जून-जुलैत. डेटा सांभाळणाऱ्या माणसाचं पद प्रस्तावातच स्वतंत्र मागावं, ते विद्यार्थ्याच्या गळ्यात मारू नये.

अहवाल एक पानी आणि मराठीत. त्यात आर नसतो. पंधरा क्षेत्रीय कार्यालयांपैकी कोणत्या तीन-चारांत पुढच्या दोन आठवड्यांत वाढ अपेक्षित आहे, किती ते किती, आणि मागच्या वेळी सांगितलेल्या पट्ट्यात प्रत्यक्ष आकडा बसला का, एवढंच. पट्टा 80 टक्क्यांचा असेल तर दहापैकी साधारण आठ वेळा आकडा त्यात बसायला हवा. दहाही वेळा बसला तर पट्टा उगाच रुंद आहे, पाचच वेळा बसला तर आपण नको तितक्या खात्रीने बोलतोय. तुलनेसाठी दोन बिनखर्ची अंदाज कायम सोबत ठेवतो: 'गेल्या आठवड्याइतकेच' आणि 'गेल्या वर्षी याच आठवड्याइतके'. हंगामभरात या दोघांना मागे टाकू न शकलेलं मॉडेल पुढच्या जूनमध्ये वापरायचं नाही, त्यावर लेख छापून आला असला तरी. ही तुलना करताना प्रत्येक अंदाज त्या दिवशीच्या गोठवलेल्या फाइलवरूनच काढलेला असायला हवा. नंतर पूर्ण झालेल्या यादीवरून मागाहून काढला तर प्रत्येक मॉडेल प्रत्यक्षापेक्षा हुशार ठरतं.