आजोबांची मांडी

आमचे आजोबा शिंपी. मशीन कोपऱ्यात असायचं, पण काजं-बटणं आणि हातशिलाई मात्र सतरंजीवर, मांडी घालून, दिवे लागेपर्यंत.

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला शवविच्छेदनाच्या टेबलाशी मॅडमनी चिमट्याने एक लांब पट्टी उचलून दाखवली. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून निघून मांडीवरून तिरकी उतरलेली, गुडघ्याच्या आतून नडगीला चिकटलेली. सार्टोरियस. शरीरातला सर्वांत लांब स्नायू. लॅटिनमध्ये सार्टर म्हणजे शिंपी, हे त्यांनी सांगितलं आणि मला आजोबांचा पाय दिसला. मांडी उचलायची, बाहेर वळवायची, गुडघा दुमडायचा: मांडी घालताना हा स्नायू हेच सगळं करतो.

त्याचे तंतू साधारण 40 सेंमी लांब, एकमेकांना समांतर. लांब तंतू आखडतो खूप, म्हणून पाय भरपूर फिरतो. जोर मात्र बेताचा. दोर लांब केला म्हणून जास्त भार पेलत नाही, त्यासाठी तो जाड वळावा लागतो.

हे मला खरं उमगलं ते परवा, वारीहून आलेल्या एका आजींमुळे. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. म्हणाल्या, "पोरी, मांडीला एवढं मांस, मग मेली पोटरीच का ठणकते?"

पोटरीच्या वरच्या दोन फुगवट्यांखाली सोलियस नावाचा चपटा स्नायू असतो. प्रत्येक पावलाला शरीर पुढे कलतं, तेव्हा नडगीला मागून आवरून धरायचं आणि मग टाच उचलायची, यातला मोठा वाटा त्याचा. आळंदी ते पंढरपूर, प्रत्येक पावलाला! त्याचे तंतू जेमतेम 4 सेंमीचे, मोरपिसाच्या काडीला बिलगावेत तसे तिरके. तिरके असल्यामुळे तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त मावतात. सगळे तंतू आडवे कापले तर सोलियसचा छेद सार्टोरियसच्या पंचवीसएक पट भरतो. आखडतो थोडासाच, पण टाचेला तरी कुठे हातभर उचलायचंय?

आजींना मी मोरपिसाचंच सांगितलं. त्यांना ते लगेच पटलं.

मग खुर्चीवर बसवून, गुडघे वाकवून टाचा उचलायला लावल्या. गुडघा वाकला की वरचे फुगवटे सैल पडतात आणि काम सोलियसवर येतं. वीस झाल्यावर म्हटलं, "आजी, आता थांबा."

"थांब गं, अजून दहा होतील," म्हणाल्या, आणि हात पोटरीवर ठेवून चाचपत राहिल्या.