सात कड्या आणि एक टोक

मासेमारीचा रॉड बघायला आलेला माणूस आधी रील बघतो, मग मूठ दाबून बघतो, मग रॉड हवेत दोनदा हलवून मान डोलावतो. कड्यांकडे त्याचं लक्ष जात नाही. शर्ट घेताना काजं कोण मोजतं? पण स्वतःच्या हाताने रॉड बांधायला घेतला, की समोर असतो नुसता ब्लँक, म्हणजे काहीच न लावलेली काठी, शेजारी गाईडांचा, म्हणजे तंगूस (लाइन) ओवायच्या कड्यांचा लहानसा ढीग, आणि इतके दिवस न पडलेले प्रश्न एकदम पडतात. कुठल्या कड्या, किती आणि कुठे?

ट्रोलिंगच्या रॉडला हे प्रश्न जरा वेगळ्या अंगाने पडतात. होडी चालत असते, आमिष मागून ओढलं जात असतं आणि रॉड तासन्‌तास होल्डरमध्ये उभा असतो. इथे फेकणं नाही. त्यामुळे तंगूस भर्रकन सुटताना कुठे अडखळू नये, ही फेकणाऱ्यांची मोठी काळजी इथे नाही. टोकाशी चार ग्रॅम वजन वाढलं तरी चालतं. खरी परीक्षा मासा लागल्यावर, रॉड कमानीसारखा वाकल्यावर. आणि तो वाकतो खाली, तर रील आणि कड्या असतात वर.

सगळी भानगड या ‘वर’मध्ये आहे. फेकून मासेमारी करायच्या स्पिनिंग रॉडला कड्या खालच्या अंगाला लटकतात. काठी वाकली की तंगूस कमानीच्या आतल्या बाजूला राहतो आणि ब्लँकपासून दूर सरकतो. वरच्या अंगाला कड्या असल्या की उलटं होतं. तंगूस कमानीच्या बाहेरच्या बाजूला असतो, पण ताणलेल्या तंगुसाला वळण माहीत नाही. तो एका कडीतून दुसरीकडे सरळ जातो, आणि मधली काठी फुगून त्याच्याकडे येते. अंतर जास्त झालं की तंगूस ब्लँकवर टेकतो आणि मासा पळाला की घासायला लागतो.

किती अंतर म्हणजे जास्त, ते शाळेतल्या भूमितीने निघतं. समजा रॉडचा एखादा भाग 24 इंच त्रिज्येच्या कमानीत वाकला आहे. तिथे दोन कड्यांमध्ये 6 इंच असतील, तर मधोमध काठी जवळपास 5 मिलिमीटर वर येते. 8 इंच असतील तर साडेआठ मिलिमीटर. 12 इंच ठेवलेत तर 19 मिलिमीटर! अंतर दुप्पट, फुगवटा चौपट. कडीच्या भोकाची खालची कड ब्लँकपासून या आकड्यापेक्षा उंच हवी, नाहीतर घासणं ठरलेलं. टोकाकडे काठी जास्त वाकते, म्हणून तिथे कड्या दाट. मुठीकडे ती जवळपास सरळ, म्हणून तिथे विरळ.

मग उंच कड्याच लावाव्यात की! पहिल्यांदा सगळ्यांना हेच सुचतं. पण उंच कडी म्हणजे लांब दांड्याचा पाना. तंगूस कडीला खाली ओढतो, कडी बसलेली ब्लँकच्या माथ्यावर, आणि ताण थोडा जरी बाजूला गेला तरी ती सगळा रॉड पिळून खाली यायला बघते. उंची जेवढी जास्त, तेवढा पीळ जास्त. होल्डरमध्ये बुडाशी असलेली गिंबलची, म्हणजे बुडाच्या टोपणाची, खाच होल्डरच्या पिनेत अडकलेली असते, त्यामुळे बूड फिरत नाही, पण वरची पातळ काठी पिळली जातेच. रॉड हातात असेल तर तोच पीळ मनगटात उतरतो. म्हणून बुटक्या कड्या, पण संख्येने जास्त, हा तोडगा. काहीजण पहिली कडी वर ठेवून पुढच्या तीन-चार कड्या बाजूने फिरवत फिरवत खाली नेतात. पीळ त्याने खरोखर जातो. फक्त असा रॉड दुसऱ्याच्या हातात दिला की तो आधी तुमच्याकडे संशयाने बघतो.

आता कुठल्या कड्या. एक साधी, धातूच्या चौकटीत सिरॅमिकचं वळं बसवलेली. दुसरी रोलरची, ज्यात तंगूस छोट्या चाकावरून जातो. वळ्यांमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइड स्वस्त आणि बऱ्यापैकी कणखर. सिलिकॉन कार्बाइड त्याहून कठीण आणि गुळगुळीत, शिवाय घर्षणाची उष्णता झटकन पसरवतं. चौकट मात्र भारी रॉडला दोन पायांचीच (पाय म्हणजे ब्लँकवर बांधायची पट्टी). एका पायाची कडी हलक्या रॉडवर शोभते.

रोलर दिसायला रुबाबदार असतो, आणि 24 किलो ताण सोसणाऱ्या आणि त्यावरच्या लाइनच्या वर्गात जाड मोनोफिलामेंट, म्हणजे एकाच धाग्याचा तंगूस, वापरायचा तर त्याला तोड नाही. पण रोलर हा फिरणारा भाग आहे, आणि समुद्राचं पाणी फिरणाऱ्या भागांचं शत्रू. मिठाने जाम झालेला रोलर साध्या कडीपेक्षा वाईट, कारण तंगूस एकाच जागी घासत राहतो आणि चाकाला खाच पडते. ज्याला दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवून, अधूनमधून स्क्रू काढून तेलाचा थेंब द्यायचा कंटाळा आहे, त्याने रोलरच्या वाटेला जाऊ नये. दुसरी गोष्ट म्हणजे विणलेली बारीक लाइन. चाक आणि चौकट यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत ती शिरते आणि अडकली की तुटल्याशिवाय निघत नाही. विणलेल्या लाइनसाठी चांगली सिरॅमिक कडी घ्यावी. धातूच्या तारेने ट्रोलिंग करणाऱ्यांचा मामला आणखी वेगळा: तार मऊ कडीला करवतीसारखी कापते, तिथे टंगस्टन कार्बाइडसारखं कठीण वळं लागतं.

मापाबद्दल एवढंच, की 10 नंबरची कडी म्हणजे 10 मिलिमीटरचं भोक नव्हे. तो आकडा बहुधा वळ्याच्या बाहेरच्या व्यासाचा असतो, भोक त्याहून लहान. मुख्य लाइन आणि लीडर (आमिषाजवळचा वेगळा तुकडा) यांच्यामधली गाठ प्रत्येक कडीतून अडखळल्याशिवाय जायला हवी, म्हणून खरेदीआधी तीच गाठ बांधून ओढून बघावी. मध्यम रॉडला पहिली 16, दुसरी 12 आणि पुढच्या सगळ्या 10 अशी उतरण बहुतेक वेळा जमते. टोकाच्या कडीची नळी इंचाच्या चौसष्टांशात मोजतात: 8 नंबर म्हणजे अष्टमांश इंच, सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. नळी घट्ट होते म्हणून ब्लँकचं टोक घासणारे लोक आहेत. त्यांनी एक नंबर मोठी नळी घ्यावी.

किती कड्या? दर फुटाला एक आणि टोकाची वेगळी, हा जुना हिशेब अजून खोटा ठरलेला नाही. 7 फुटी रॉडला 7 आणि एक टोक. डाऊनरिगरचे (वजनाने आमिष खोल नेणाऱ्या यंत्राचे) लांब, मऊ रॉड शिकार लागण्याआधीच पार पाण्याकडे वाकवून ठेवतात, त्यांना याहून दोन-तीन जास्त.

जागा ठरवताना रीलपासून सुरुवात. आपल्या 7 फुटी म्हणजे 84 इंची रॉडवर रीलचा मध्य बुडापासून 16 इंचांवर असेल, तर पुढे टोकापर्यंत 68 इंच उरतात. इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनच्या विक्रमांच्या नियमातही हे बसतं. तिथे रीलच्या मध्यापासून पुढे किमान 40 इंच आणि मागे जास्तीत जास्त 27 इंच चालतात. पहिली कडी रीलपासून 22 इंचांवर धरू. का, तर ट्रोलिंगच्या बऱ्याच रीलना तंगूस आपोआप पसरवणारी यंत्रणा नसते. तो अंगठ्याने डावी-उजवीकडे न्यावा लागतो. स्पूल, म्हणजे तंगूस गुंडाळायचं रीळ, 2 इंच रुंद असेल तर कडेचा तंगूस मध्यापासून 1 इंच बाजूला असतो. 22 इंचांवरच्या कडीत तो सुमारे अडीच अंशांनी तिरका शिरतो, 10 इंचांवर असती तर पावणेसहा अंशांनी. तिरका शिरला की कडीची एक बाजू झिजते आणि स्पूलवर तंगुसाचा उंचवटा मधोमध जमतो. फार लांब नेली तर तंगूस पुढच्या मुठीवर टेकतो. दोन्हीच्या मधे राहायचं.

आता पहिल्या कडीपासून टोकापर्यंत 46 इंच उरले. टोकापासून मागे मोजत अंतरं वाढवत न्यायची: 4, पावणेपाच, साडेपाच, सव्वासहा, सव्वासात, साडेआठ आणि पावणेदहा. बेरीज बरोबर 46. टेप घेऊन खुणा करायच्या तर टोकापासून 4, 8.75, 14.25, 20.5, 27.75, 36.25 आणि 46 इंचांवर. (सव्वा-साडे-पावणेचं पाठांतर आयुष्यात कुठे उपयोगी पडतं, असं विचारणाऱ्याला हा टेप दाखवावा.)

पण हे आकडे म्हणजे परीक्षेच्या गाईडमधलं तयार उत्तर. गणित तुमच्या ब्लँकचं वेगळं असू शकतं, कारण कुठला ब्लँक टोकाशीच वाकतो तर कुठला पार मुठीपर्यंत. म्हणून कड्या बांधायच्या दोऱ्याला अजून हात लावायचा नाही. रबरी नळीच्या कापलेल्या बारीक चकत्यांनी कड्या तात्पुरत्या बसवायच्या, मूठ भक्कम अडकवायची, तंगूस सगळ्या कड्यांमधून ओवून पुढे ताणकाट्याला बांधायचा आणि ओढायचं. 15 किलोच्या लाइनवर ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, साधारण चौथाई ते तिसरा हिस्सा ठेवतात, म्हणजे पावणेचार ते 5 किलोचा ताण पुरे. मूठ आणि तंगूस यांच्यातला कोन 90 अंशांच्या पुढे नेऊ नये. काठी टोकाजवळ मोडते, आणि मोडताना आवाज फार वाईट येतो.

ताण बसला की बाजूला उभं राहून नुसतं बघावं. माझ्या मते रॉड बांधण्यातला हा सगळ्यात सुंदर क्षण. सरळ असताना ज्या काठीचं काहीच कळत नव्हतं, ती आता कुठे मऊ आणि कुठे ताठ ते दाखवते. तंगूस प्रत्येक कडीपाशी थोडासा, सारखाच वळायला हवा. एखाद्या कडीपाशी ठळक कोपरा दिसला, तर तिच्या शेजारणी थोड्या जवळ आणायच्या. दोन कड्यांमध्ये ब्लँक तंगुसाला भिडत असेल, तर त्या जवळ घ्यायच्या. सरकवून भागत नसेल तर आठवी कडी आणायची, उंच कडी नाही. अर्धा इंच इकडे, पाव इंच तिकडे. पुन्हा ताण, पुन्हा नजर. लांब पायांच्या रोलर कड्या स्वतःखालची काठी वाकूच देत नाहीत, त्यामुळे कमानीत छोटे सपाट तुकडे दिसतात. ते पूर्ण जात नाहीत, फक्त कमी करता येतात.

ब्लँकच्या ताठ बाजूवरून, ज्याला स्पाइन म्हणतात, बांधणाऱ्यांमध्ये तासन्‌तास वाद चालतात. स्पाइन नीट धरली की रॉड पिळत नाही, असा एक पक्ष आहे. तसं नाही. पीळ कड्यांच्या जागेमुळे येतो. त्यापेक्षा ब्लँकला जो थोडासा नैसर्गिक बाक असतो तो कड्यांच्या रेषेत घ्यावा, म्हणजे रॉड निदान दिसायला सरळ राहतो.

जागा ठरल्या, की कडीचे पाय. नवी कडी हातात घेऊन पायाच्या टोकावरून नख फिरवून बघा: नख अडतं. दोरा तिथेच अडणार, पायरी चढायच्या ऐवजी फट ठेवून उडी मारणार. म्हणून टोक वरच्या अंगाने कानशीने घासत पार पातळ करायचं, पिसासारखं. मग पाय उलटा करून खालची कड बोटाने चाचपायची. घासताना तिथे धातूची बारीक धार उभी राहते. डोळ्यांना ती दिसत नाही, बोटाला लागते. वरच्या अंगाच्या कड्यांना तंगूस ब्लँकवर दाबत असतो, त्यामुळे ही धार प्रत्येक माशागणिक काठीत रुतते, आणि एक दिवस ग्राफाइटची काठी बरोबर पायाच्या टोकाशी तुटते. बारीक सँडपेपरने ती काढावीच. भारी रॉडवर कडीखाली आधी दोऱ्याचा एक थर गुंडाळतात, तो या दाबाला गादीसारखा उपयोगी पडतो.

दोरा हलक्या रॉडला ए मापाचा, भारी रॉडला डी किंवा ई. ताण एवढाच, की गुंडाळून झाल्यावरही अंगठ्याने ढकललं तर कडी किंचित सरकावी. कारण शेवटची रेष अजून साधायची आहे: बुडाकडून एक डोळा मिटून बघायचं, प्रत्येक कडीत ब्लँक दोन्ही बाजूंना सारखा दिसेपर्यंत. त्याच वेळी गिंबलची खाच आणि रीलची बैठकही त्याच रेषेत आहे का बघावं. खाच चुकली तर होल्डरमध्ये रील कायम मान वाकडी करून बसेल. टोकाची कडी मात्र गरम केल्यावर वितळणाऱ्या गोंदाने बसवावी, कधीतरी ती बदलावी लागणारच.

मग इपॉक्सी, म्हणजे दोऱ्यावर चढवायचा राळेचा लेप. दोन भाग सारख्या मापाने, प्रत्येकाला वेगळी सिरिंज. अंदाजाने घातलं तर महिनाभर चिकटच राहतं. पायाच्या दोन्ही कडांना दोरा ब्लँकपासून उचललेला असतो आणि तिथे बारीक बोगदा राहतो. ब्रश आधी तिथे टेकवून थांबायचं, दोरा ओला होऊन रंग गडद होईपर्यंत. बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी इपॉक्सीचा छोटा थेंब फुगून आला, की भरला. मग वरून पातळ हात फिरवायचा आणि रॉड चार-सहा तास हळूहळू फिरता ठेवायचा, नाहीतर सगळं ओघळून खालच्या अंगाला गोळा होतं.