चोडणला नेलेला प्रोसेसर

सावंतवाडीहून सकाळी निघालो तेव्हा खिशात चष्म्याचं घर होतं, पण त्यात चष्मा नव्हता. स्थिर विजेपासून जपणाऱ्या अँटिस्टॅटिक पिशवीत गुंडाळलेला इंटेलचा कोअर 2 क्वाड क्यू6600 होता, चार कोअरचा म्हणजे चार गणन-भागांचा प्रोसेसर. 2007 सालचा माल, 800 रुपयांत मिळालेला. गोव्यातल्या चोडण बेटावर मामाच्या घरी त्याच काळातला डेस्कटॉप अजून चालतो. त्यात पेंटियम ई2180 होता, दोन कोअर, 2 गिगाहर्ट्झ. मामेभाऊ भजनी मंडळाचे व्हिडिओ त्यावरच जोडतो, आणि रेंडर (तुकडे जोडून अंतिम व्हिडिओ बनवणं) लावला की घरातले जेवून घेतात.

बांदा, पत्रादेवी, म्हापसा करत पणजी. तिथून रायबंदरची बस. पणजी–रायबंदर रस्ता ज्या बांधावरून जातो तो पोर्तुगिजांनी 1630 च्या दशकात घातलेला. आमच्या संगणकाला जुना म्हणायची मला जरा लाजच वाटली. रायबंदरला फेरीबोटीत उभं राहिलं की दहा-एक मिनिटांत चोडण. खरी वाट बघावी लागते ती फेरीच्या रांगेत. संध्याकाळी कामावरून परतणारी माणसं असतात, तेव्हा दुचाकी घेऊन जाणाऱ्यांनी दुपारीच पोचावं.

कॅबिनेट उघडलं आणि मामी दोन पावलं मागे सरली. आत मुंग्यांचं वारूळ म्हणावं इतकी माती, पालीची अंडी आणि फॅनच्या पात्यांवर जाड काळा थर. खाडीकाठची खारट, दमट हवा. कॅबिनेटचे स्क्रू गंजून लाल झालेले. पहिला तास ब्रश आणि ब्लोअर यातच गेला. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भन्नाट फिरतात आणि बेअरिंग खराब होतं.

माझी चूक इथे झाली. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी जुनी थर्मल पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, ते घरीच विसरलो. मामाने शांतपणे फेणीची बाटली पुढे केली. ‘‘अल्कोहोल म्हणजे अल्कोहोल रे!’’ फेणीत निम्म्याहून जास्त पाणी असतं हे सांगून ती परत कपाटात ठेवायला लावली, आणि फेरीने पुन्हा रायबंदरला जाऊन फार्मसीतून सर्जिकल स्पिरिट आणलं. दीड तास गेला. तुम्ही जाणार असाल तर स्पिरिट, पेस्ट आणि मदरबोर्डाला लागणारा सीआर2032 बटन सेल पिशवीत आधी टाका.

बसवणं त्यामानाने सोपं. एलजीए 775 या सॉकेटच्या प्रकारात पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, त्यामुळे हात जपायचा तो तिथे. एक पिन वाकली तर बोर्डच गेला. प्रोसेसर घेताना वरचा नंबर वाचा: एसएलएसीआर असेल तर ती जी0 आवृत्ती, 95 वॉटची. आधीची बी3 105 वॉटची, आणि गोव्याच्या मे महिन्यात उष्णतेचे ते 10 वॉट कळतात. बोर्डाच्या बायोसला (संगणक चालू होताना आधी धावणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) हा प्रोसेसर ओळखता येतो का, तेही जुना काढण्याआधी बघायचं. आमचा पी35 चिपसेटचा बोर्ड, त्याने मुकाट स्वीकारला. पेंटियमचा बुटका अ‍ॅल्युमिनियमचा कूलर मात्र पुन्हा लावू नका. तांब्याच्या गाभ्याचा उंच कूलर हवा, आणि त्याच्या चारही खिळ्या बोर्डाच्या मागून बाहेर आल्यात की नाही हे बॅटरीच्या उजेडात बघा.

आता ओव्हरक्लॉक, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं. या प्रोसेसरचा गुणक 9 च्या वर जात नाही, म्हणून बस, म्हणजे ज्याला गुणकाने गुणून प्रोसेसरचा वेग येतो तो बोर्डाचा मूळ वेग, वाढवायची. मूळ 266 मेगाहर्ट्झ गुणिले 9, म्हणजे 2.4 गिगाहर्ट्झ. बस 333 केली की 3.0. पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्डासारख्या कार्डांची जोडणी) 100 वर बांधून ठेवा, रॅमचं गुणोत्तर असं निवडा की ती 800 च्या वर जाणार नाही, आणि व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडू नका, बोर्ड घाबरून गरजेपेक्षा जास्त देतो. मी हाव धरून 356 टाकलं. पंखे फिरले, पडदा काळा. मामेभाऊ म्हणाला, ‘‘मेलें कितें रे?’’ मेलं नव्हतं. सेल काढून, बायोसच्या नोंदी पुसणारा क्लिअर सीमॉसचा जंपर लावून परत आलं.

3.0 वर सकाळी प्राइम95 हा प्रोसेसरवर ताण देऊन बघणारा प्रोग्रॅम तासभर नीट चालला, कोअर 68 अंशांवर. दुपारी दीडला तोच प्रोग्रॅम लावला तर 77, आणि चौथ्या कोअरने चूक दिली. घरी एसी नाही, खिडकीतून येते ती गरम वाफ. रात्री एसीत बसून काढलेले आकडे मिरवणाऱ्यांचं ठीक आहे, पण मामाची मशीन दुपारी चालायची असते. बस 300 वर आणली: 2.7 गिगाहर्ट्झ, व्होल्टेज मूळ, भर दुपारी 66 अंश.

जो व्हिडिओ 42 मिनिटं घ्यायचा तो 16 मिनिटांत झाला. यातला मोठा वाटा चार कोअरचा, ओव्हरक्लॉकचा थोडाच. म्हणून ज्यांना बायोसची भीती वाटते त्यांनी नुसता प्रोसेसर बदलून थांबलं तरी चालेल. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीला लागणारी पॉपसीएनटी ही प्रोसेसरची सूचना या पिढीत नाही, त्यामुळे ती आवृत्ती सुरूच होत नाही. आम्ही विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली टाकली, जोडीला छोटा एसएसडी.

तक्रार एकच. उंच कूलरचा पंखा दुपारी घोंघावतो, मामीला तो मिक्सर वाटतो.

निघताना एक कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला: बस 300, गुणक 9, व्होल्टेजचा आकडा, रॅमचं गुणोत्तर. सेल संपला की बायोस सगळं विसरतो, आणि रायबंदरची शेवटची फेरी तोवर गेलेली असते.