सांगलीचा बेदाणा, इंग्रजांचा नाताळ आणि घरी केलेल्या भेटी

हिवाळ्याच्या तोंडाशी परदेशी मुलाबाळांकडे निघालेले आईवडील दरवर्षी एकच प्रश्न विचारतात : तिथल्या शेजाऱ्यांना, मुलाच्या साहेबांना, सुनेच्या मैत्रिणींना नाताळासाठी काय न्यावे? उत्तर बहुधा पितळेचा गणपती किंवा चंदनाची डबी असे निघते. मी इंग्लंडच्या उत्तर भागात, लीड्समध्ये राहते, आणि या वस्तू इथे मोठ्या आदराने स्वीकारल्या जाऊन तितक्याच आदराने फडताळात जाऊन बसतात, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. माझ्या मते नाताळाची भेट चार-सहा आठवड्यांत संपून जाणारी किंवा रोजच्या वापरात येणारी असावी, ती घरी केलेली असावी, आणि ज्याला द्यायची त्याच्या आवडीनिवडीचा विचार तिच्यात दिसावा. कपावर नाव छापून आणले की भेट त्या माणसाची होते, ही दुकानदारांनी लावलेली समजूत आहे.

सांगलीकरांना तर हे काम इतरांपेक्षा सोपे आहे, कारण नाताळाच्या इंग्रजी स्वयंपाकघराला लागणारा महत्त्वाचा माल आपल्या गणपती पेठेतच मिळतो. ख्रिसमस पुडिंग, नाताळाचा केक आणि मिन्स पाय हे तिन्ही पदार्थ मुख्यतः वाळवलेल्या द्राक्षांवर उभे आहेत. मिन्स पाय म्हणजे बेदाणा, सफरचंद आणि मसाल्याचे सारण भरून भट्टीत भाजलेली करंजीच म्हणायची. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या, आदल्या रविवारी, ज्याला इथे ‘स्टर-अप संडे’ म्हणतात, घरातील लहानथोर आळीपाळीने पुडिंगचे मिश्रण ढवळतात आणि ढवळताना मनात एखादी इच्छा धरतात. मग ते पुडिंग काही तास वाफवून नाताळापर्यंत मुरत ठेवतात. पारंपरिक पुडिंगमध्ये गुरांची चरबी घालतात, हे शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावे. वनस्पतीजन्य चरबीही दुकानात सहज मिळते. आपल्या सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली आणि हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही माहिती मी बाटलीच्या चिठ्ठीवर आवर्जून लिहिते. आपण खातो तो जिन्नस नेमका कोणत्या गावचा, याचे इंग्रज माणसाला विलक्षण कौतुक असते.

बाटली कशाची, तर सफरचंद-बेदाण्याच्या चटणीची. इंग्रजांची ‘चटणी’ आपल्या पाट्यावरच्या चटणीपेक्षा मुरांब्याच्या जवळची असून ती सिरका आणि साखर घालून शिजवतात, महिनाभर मुरू देतात आणि चीजबरोबर खातात. साधारण एक किलो सोललेल्या आंबट सफरचंदाच्या फोडी, पाव किलो बेदाणा, दोन मध्यम कांदे, तीनशे ग्रॅम तपकिरी साखर, तीनशे मिलिलिटर सिरका, मीठ, किसलेले आले, मोहरी आणि चमचाभर हळद एवढे साहित्य जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवावे. तास-सव्वा तासाने लाकडी चमचा तळातून ओढून पाहावा. मागे वाट पडली पाहिजे आणि ती लगेच भरून येता कामा नये. तोपर्यंत काचेच्या बाटल्या गरम साबणाच्या पाण्याने धुऊन ओव्हनमध्ये कोरड्या, कडकडीत तापवून घ्याव्यात आणि चटणी गरम असतानाच त्यांत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावावे. सिरक्याचा वास पहिल्या दिवशी नाकात जातो, तेव्हा चव घेऊन निराश होऊ नये. ही चटणी नाताळाला उत्तम लागायची तर ती नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत व्हायला हवी.

प्रत्येकाची वेगळी भेट करायची ती याच टप्प्यावर. चटणी उतरवण्यापूर्वी मी ती दोन-तीन लहान पातेल्यांत वाटून घेते. मिरीसुद्धा न सोसणाऱ्या आजींसाठी एक भाग तसाच ठेवते, हैदराबादी जेवणाचा नाद लागलेल्या सहकाऱ्यासाठी दुसऱ्या भागात बेडगी मिरची घालते, आणि ज्यांच्या घरी कांदा चालत नाही त्यांच्यासाठी तर सुरुवातीपासूनच वेगळे पातेले चढवते. चिठ्ठीवर नाव लिहावे लागते ते या कारणाने. वर्षभर कोण काय खातो, काय बाजूला सारतो, याकडे लक्ष असल्यावाचून हे जमत नाही. नाताळाच्या आदल्या आठवड्यात बाजारात धावणाऱ्याला ते सुचणारही नाही.

चिठ्ठीवर घटकांची यादीही द्यावी. ब्रिटनमध्ये खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना चौदा ॲलर्जीकारक घटक जाहीर करावे लागतात आणि त्यांत शेंगदाणा, तीळ, मोहरी व गहू हे आपल्या रोजच्या वापरातले जिन्नस येतात. घरी केलेल्या भेटीला हा कायदा लागू नसला, तरी शेंगदाण्याने एखाद्याचा श्वास कोंडू शकतो, हे जाणून सांगलीचे भडंग कार्यालयात विचारल्याशिवाय वाटू नये. चिठ्ठ्या टाकून एकमेकांना गुपचूप भेट देण्याच्या ‘सीक्रेट सँटा’त तर देणाऱ्याचे नावच गुप्त असते, त्यामुळे शंका आली तरी विचारायचे कोणाला? तिथे खाण्याच्या वस्तूऐवजी दुसरे काही द्यावे हे बरे.

साताऱ्याच्या मंडळींची मात्र मला थोडी निराशा करावी लागेल. भारतातून ब्रिटनमध्ये येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांस यांचे पदार्थ सामानात आणता येत नाहीत, म्हणून कंदी पेढे कितीही ताजे असले तरी ते घरीच ठेवून यावे लागतात.

कापडाच्या भेटींत आपल्याकडच्या वाकळेला तोड नाही. जुन्या सुती लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून हाताने धावदोरा घातलेली लहान वाकळ मैत्रिणीच्या बाळासाठी आली, तेव्हा तिच्या घरातील मंडळी टाके मोजत बसली होती. कोपऱ्यात बाळाच्या नावाचे आद्याक्षर रंगीत दोऱ्याने काढले होते, आणि लुगडे कोणाचे, किती जुने, हे एका कागदावर लिहून सोबत दिले होते. वर्षाच्या आतील बाळाच्या पाळण्यात रजई किंवा गोधडी ठेवू नये, असा इथल्या आरोग्यसेवेचा सल्ला असतो. त्यामुळे ही वाकळ बाळाला जमिनीवर खेळवण्यासाठी आहे, असे देतानाच सांगावे.

कागदाचे काम मुलांवर सोपवता येते. इंग्रजांच्या नाताळाच्या जेवणात प्रत्येकाच्या ताटाशी एक कागदी ‘क्रॅकर’ असतो. दोघांनी दोन टोके धरून ओढला की तो फट्दिशी वाजतो आणि आतून कागदी मुकुट, बारीकशी वस्तू व एक शिळा विनोद निघतो. पुठ्ठ्याच्या नळ्या, रंगीत कागद आणि बाजारात सुट्या मिळणाऱ्या वाजणाऱ्या पट्ट्या यांतून ते घरी करता येतात. आमच्या मराठी मित्रमंडळींच्या क्रॅकरमध्ये विनोदाऐवजी कोडी आणि अर्धवट सोडलेले उखाणे असतात. ज्याच्या हाती उखाणा येईल त्याने तो तिथेच पुरा करायचा, आणि बुजऱ्या नवरदेवांची त्यात चांगलीच फजिती होते. शुभेच्छापत्रेही हातानेच लिहावीत. नाताळाचे छापील शुभेच्छापत्र १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी प्रथम काढले, ते पत्रे लिहिण्याचा वेळ वाचावा म्हणून. घरी पत्र करणाऱ्याने तरी तेवढी घाई करू नये.

हे सगळे आपल्या भागाला परके वाटण्याचे कारण नाही. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू केले, आणि तिथल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांत नाताळाला केकबरोबर करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांचा फराळ होतो व तो शेजारीपाजारी वाटलाही जातो. लीड्समध्ये मी शेजाऱ्यांना देते त्या डब्यात चटणीच्या बाटलीशेजारी शंकरपाळ्या ठेवण्याची कल्पना मी तिथूनच घेतली. शंकरपाळ्या तुपाऐवजी तेलाच्या मोहनाच्या आणि दुधाऐवजी पाण्यात भिजवलेल्या कराव्यात, म्हणजे दूध वर्ज्य करणाऱ्यांनाही त्या चालतात, आणि त्या टिकतातही जास्त.

तेव्हा ज्यांचे आईवडील ऑक्टोबर-नोव्हेंबरात इकडे येणार आहेत, त्यांनी सामानात एक-दोन किलो बेदाणा, अर्धा किलो हळद आणि घरातले एखादे जुने मऊ लुगडे मागवावे. काचेच्या बाटल्या आणू नयेत. त्या इथे स्वस्त मिळतात. बेदाणा घेताना हिरवा, लांब मण्याचा महाग माल घेण्याची गरज नाही, कारण चटणीत तो शिजून काळपटच होतो. त्यापेक्षा हलक्या प्रतीचा काळा बेदाणा घ्यावा आणि वाचलेल्या पैशांत हळद चांगल्यातली घ्यावी.