एक्स्ट४ उचकटायची लायब्ररी: गाडी डिरेक्टरीपर्यंत आली

एक्स्ट४ म्हणजे लिनक्सची डिस्कवर फाईली मांडायची पद्धत (फाईलसिस्टम), ती वाचणारी पायथन लायब्ररी लिहायलोय. सुपरब्लॉकचं, म्हणजे फाईलसिस्टमची मूळ माहिती असते त्या भागाचं, काम आता पक्कं झालंय. इमेजच्या (डिस्कची हुबेहूब नक्कल असलेली फाईल) सुरुवातीचे १०२४ बाइट सोडायचे, तिथून पुढं ५६व्या ऑफसेटला हेक्समध्ये (सोळाच्या पायातले आकडे) ५३ आणि ईएफ दिसले की एक्स्ट घराण्यातलं आहे समजायचं, नाहीतर लायब्ररी सरळ एरर फेकते. ग्रुप डिस्क्रिप्टर, इनोड (प्रत्येक फाईलची नोंद) टेबल वगैरे पायथनच्या स्ट्रक्ट मॉड्यूलनं (बाइटांचे आकडे करून देतं ते) निघतं, त्यात सांगण्यासारखं काय नाही, ऑफसेट बघत लिहीत बसायचं.

खरी मजा डिरेक्टरीत आहे बघा. रूटचा इनोड २, तो उघडला की एकामागं एक एंट्र्या, ४ बाइट इनोड नंबर, २ बाइट एंट्रीची लांबी, १ बाइट नावाची लांबी, १ बाइट टाईप आणि मग नाव. टेस्टसाठी एक रिकामी फाईल करून तिच्यावरच एमकेएफएस (फाईलसिस्टम तयार करायची कमांड) मारला, डॅश डी देऊन आख्खं फोल्डर आत भरलं, सुडो पण लागत नाही आणि खऱ्या डिस्कला हात लावायचं कारणच नाही.

आता बेळगावात राहून टेस्टची नावं एकाच भाषेत कशी ठेवणार, म्हणून 'बेळगाव' मराठीत आणि 'बेळगावि' कानडीत असे दोन फोल्डर केले. मराठीतलं नाव १८ बाइट, एंट्री २८ ची, कानडीतलं २१ बाइट, एंट्री ३२ ची (८ बाइटचं हेडर धरून चारच्या पटीत वर जातं). पण डंप शेजारी शेजारी लावला तर मराठी ब २२४, १६४, १७२ आणि कानडी ब २२४, १७८, १७२! ळ, ग, व चं पण तेच, मधला बाइट बदलतो शेवटचा तोच राहतो, कारण युनिकोडनं दोन्ही लिप्या इस्की या जुन्या भारतीय कोडच्या क्रमानं लावल्यात, ब्लॉकमधलं अंतर ८९६ म्हणजे ६४ च्या पटीत, आणि यूटीएफ-८ (युनिकोड बाइटात लिहायची पद्धत) च्या शेवटच्या बाइटात खालचे ६ बिटच येतात. पाट्यांवरून चौकात एवढं वाजतं आमच्याकडं, आणि इथं मधल्या एका बाइटाचा फरक. फक्त बे च्या मात्रेला शेवट १३५ ऐवजी १३४ येतो, कानडीत ऱ्हस्व ए वेगळा आहे की.

नाव मात्र २५५ बाइटपर्यंतच, म्हणजे नुसती देवनागरी असेल तर ८५ कोडपॉइंट, काना मात्रा धरून. निपाणीला माझा एक स्टुडिओवाला मित्र आहे, तो 'चि. आणि चि. सौ. कां.' पासून हॉलच्या पत्त्यापर्यंत सगळं फोल्डरच्या नावात घालतो, त्याला ते कुठलं पुरायला.

त्याच्याच जुन्या नॅसची (नेटवर्कवरची स्टोरेज पेटी) इमेज घेऊन डिलीट झालेली नावं शोधायलोय. फाईल उडवली की मागच्या एंट्रीची लांबी वाढवून ही तिच्या पोटात घालतात, त्यामुळं लांबी गरजेपेक्षा जास्त दिसली की मधल्या जागेत परत एंट्री वाचून बघायची. जुन्या लिनक्स कर्नलवर नावं तशीच पडून असतात, ५.१३ पासून ती पुसली जातात. मित्राला वाटतंय फोटो मिळणार, त्याला सांगितलं बाबा नाव मिळेल, पण एक्स्ट४ इनोडमधले एक्सटेंट साफ करतो, फोटो कुठल्या ब्लॉकात होता ते तिथून कळत नाही.

मेटाडेटा चेकसम (नोंदी बिघडल्या का ते तपासायचा आकडा) चालू असेल तर ब्लॉकच्या शेवटच्या १२ बाइटात एक खोटी एंट्री असते, इनोड शून्य, टाईप हेक्समध्ये डीई, ती गाळायला विसरू नका. मोठ्या डिरेक्टरीतलं एचट्री (नावं पटकन सापडायची अनुक्रमणिका) अजून वाचत नाही, पण त्याचे आतले ब्लॉक रिकाम्या एंट्रीसारखेच दिसतात म्हणून सरळ वाचन अडत नाही. आता जर्नल (बदलांची नोंदवही) घ्यायचाय, इनोड ८, आणि तिथं आकडे बिग एंडियन (मोठा बाइट आधी) आहेत, म्हणजे स्ट्रक्टचे सगळे फॉरमॅट परत लिहा.