चुन्यातला ऊस

मे महिन्यात नागपूरजवळच्या हिंगण्याच्या बाजूला हिरव्या चाऱ्याचं नाव नसतं. सोयाबीनचं कुटार, थोडा कडबा आणि सरकी ढेप यावरच आमचा गोठा चालतो. म्हणून विहिरीजवळचा ऊस मी गायींसाठीच राखते. मामाजी म्हणतात, "गोड आहे, जनावर आवडीनं खाते, आनखी काय पाह्यजे?" खातं हे खरं, पण अंगी किती लागतं?

पिकलेल्या उसाच्या कोरड्या वजनात जवळजवळ निम्मी साखर असते. ती कोटीपोटात, म्हणजे गायीच्या पहिल्या मोठ्या पोटात, लगेच विरघळते. बाकीचा चोथा मात्र चिवट. त्यातले तंतू लिग्निन या लाकडासारख्या कडक घटकाने इतके घट्ट बांधलेले असतात की चारा पचवणाऱ्या पोटातल्या जिवाणूंना आत शिरता येत नाही. चोथा पोटात पडून राहतो, पोट भरलेलं वाटतं आणि गाय पुढचा घास घेत नाही.

चुना ही पकड सैल करतो, तंतू फुगतात. १०० किलो उसाच्या कुट्टीला १ किलो विझवलेला चुना ४ लिटर पाण्यात कालवून मी शिंपडते, खालीवर करते आणि काही तास ठेवूनच गव्हाणीत टाकते. आणखी एक फायदा मला तितकाच मोलाचा वाटतो. इथल्या उन्हात कापलेला ऊस संध्याकाळी आंबूस वास मारतो, कारण यीस्ट त्यातल्या साखरेची दारू करतं. चुन्याने ते मंदावतं. रोज ऊस तोडायची दगदग वाचते.

दूध वाढलं असं मी म्हणणार नाही. गव्हाणीत उष्टं कमी राहतं, एवढं नक्की.

प्रथिनं मात्र चुन्यातून येत नाहीत, आणि उसात ती जेमतेम २ ते ४ टक्के. ब्राझीलमध्ये त्यासाठी ताज्या उसाला १ टक्का युरिया लावतात, पहिल्या आठवड्यात त्याच्या निम्माच. मी ढेपेवरच भागवते. युरियाचा एखादा गोळा न विरघळता राहिला तर जनावर काही तासांत हातचं जातं, आणि आमच्याकडे चारा कालवणारे हात रोज वेगळे असतात. खनिज मिश्रणही सुरूच ठेवते, कारण चुन्यातून कॅल्शियम मिळतं, स्फुरद (फॉस्फरस) नाही.

रसवंतीवरचा चोथा फुकट मिळतो म्हणून गाडी भरून आणणाऱ्यांना कळकळीनं सांगते, त्यातली साखर बहुतेक गेलेली असते. भाकड जनावराला ढेपेसोबत थोडा चालेल, दुभत्या गायीला नको.